सातवा परिच्छेद

जबलपूरचं नाव देशातल्या प्रत्येक वकिलाला पाठ असतं. भेडाघाटच्या संगमरवरामुळे नव्हे की खोव्याच्या जिलबीमुळे नव्हे, ‘एडीएम जबलपूर’ या खटल्यामुळे. आणीबाणीत मिसा कायद्याखाली धरलेल्या शिवकांत शुक्ल यांच्या अर्जावर इथल्या उच्च न्यायालयाने 1975 मध्ये सांगितलं होतं, की स्थानबद्धाला कोर्टापुढे येता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक मतांनी ते दार लावून घेतलं. म्हणजे जबलपूरचं कोर्ट बरोबर होतं आणि दिल्लीचं चुकलं, पण बट्टा लागला तो आमच्या गावाच्या नावाला. बाहेरगावच्या वकिलाला मी ‘जबलपूरची’ म्हणून सांगितलं की तो गालात हसतो. आता सवय झाली आहे.

त्या खटल्याची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती नानांकडून. सदरमध्ये आमच्या गल्लीतच त्यांचं घर. पुढच्या खोलीत चेंबर, मागे बिऱ्हाड. मी वकिली शिकले ती त्या पुढच्या खोलीत. त्या खटल्यात नानांचा काही हात नव्हता, ते तेव्हा नुकताच काळा कोट शिवलेले वकील होते. पण त्यांना सगळं तोंडपाठ. कैद्यांच्या बाजूने आपले सासवडचे वि. म. तारकुंडे उभे होते, हे ते अभिमानाने सांगत. न्यायमूर्ती खन्नांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं होतं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का? आणि डे यांनी आपल्या युक्तिवादाला धरून उत्तर दिलं होतं, की नाही. हे सांगताना नाना चष्मा काढून टेबलावर ठेवत. न्यायमूर्ती बेग यांनी निकालपत्रात, सरकार स्थानबद्धांची आईच्या मायेने काळजी घेत आहे अशा अर्थाचं लिहिलं होतं. नाना त्यावर काही बोलत नसत, फक्त पुढची तारीख सांगत: निकाल 28 एप्रिलचा, आणि 1 मे रोजी बंगळूरमध्ये जॉर्ज फर्नांडिसांचे भाऊ लॉरेन्स यांना पोलिसांनी उचललं, कोठडीत त्यांचे हाल हाल केले. मध्ये तीन दिवस. दोन तारखा शेजारी शेजारी ठेवायच्या आणि गप्प बसायचं, ही नानांची शिकवण्याची पद्धत.

पण माझ्यावर ज्यांचं देणं आहे त्यांत नाना एकटे नाहीत. खरं तर यादीत ते दुसरे येतात.

आमची आई साकोलीची. लग्न होऊन जबलपुरात आली आणि गन कॅरेज फॅक्टरीतल्या नोकरदाराची बायको म्हणून हिंदीत संसार केला. महाराष्ट्र शाळा, दत्तमंदिर, गणपती यांमुळे मराठी ऐकू यायचं, पण ते पुणेरी वळणाचं. आईच्या माहेरचं बोलणं सदरमध्ये कुणाच्याच तोंडी नव्हतं. एका हिवाळ्यात ती बाजारातून हसत हसत घरी आली. स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बाईने तिला विचारलं होतं, “तुले कोणता रंग पाह्यजे, बाई?”

ती बाई नॉर्ग्येलिंगची. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ 1972 मध्ये वसवलेली तिबेटी वसाहत आहे, महाराष्ट्रातली एकुलती एक. त्या वेळी तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. उन्हाळ्या-पावसाळ्यात धान लावायचं आणि दिवाळीनंतर लुधियान्याच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर लोकरीचा माल उचलून मिळेल त्या शहरात विकायचा, हा तिथल्या घरांचा वर्षाचा क्रम. ही बाई गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीने जबलपूरला यायची. आम्ही तिला आमा म्हणायचो, तिबेटीत आईला म्हणतात तसं. आई तिच्याकडून स्वेटर घ्यायची आणि वर झुणका-भाकर द्यायची. पुढे मालाचे गठ्ठे रात्रीचे आमच्या ओसरीवर राहू लागले. 1997 च्या मे महिन्यातल्या भूकंपाने ओसरीची कमान तडकली तेव्हा वडिलांनी पहिली काळजी केली ती हीच, की आता आमाचा माल कुठे ठेवायचा.

भूकंपानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमासोबत तिचा एक लांबचा भाऊ आला. वय चाळिशीतलं, दिसायला साठीचा. तो पूर्वी भिक्षू होता. आमा त्याला गेनला म्हणायची, म्हणजे गुरुजी. आम्हीही तेच म्हणू लागलो. हिंदी त्याला जेमतेम. दुकान म्हणजे बांबू आणि दोन दोऱ्या: खालच्या दोरीवर लहान मुलांचे स्वेटर, वरच्या दोरीवर मोठ्यांचे. गेनला फक्त खालची दोरी सांभाळायचा. वरच्या दोरीवरचं काही हवं असलं की आमाला हाक. गिऱ्हाइकांना वाटायचं आळशी आहे. त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

जानेवारीत एका संध्याकाळी कागदपत्रं तपासताना त्याला ठाण्यात नेलं. आमाकडे आरसी होती. परदेशी नागरिकाचं नोंदणी प्रमाणपत्र. तिबेटी लोक त्याला आरसीच म्हणतात, आणि रेशनकार्डापेक्षा जपून ठेवतात. गेनलाकडे काहीच नव्हतं. 1959 नंतर दलाई लामांच्या मागोमाग आलेल्यांना भारताने कागद दिले, जमीन दिली, शाळा दिल्या. नंतर, ऐंशीच्या दशकापासून जे आले त्यांना राहू दिलं, पण नोंदणीचं काम कुणाचं झालं, कुणाचं नाही. गेनला नव्वदच्या आसपास नेपाळमार्गे आला होता. विदेशी नागरिक कायदा 1946, कलम 14: परवान्याविना राहणं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

भारताने निर्वासितांबाबतचा 1951 चा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे कायद्याच्या नजरेत छळातून जीव वाचवून आलेला माणूस आणि व्हिसा संपूनही गोव्याच्या किनाऱ्यावर लोळत पडलेला माणूस एकाच खान्यात. नाना म्हणायचे, या कायद्याला माणूस दिसत नाही, फक्त त्याचा खिसा दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला उठवून म्हणाली, “नानांकडे जा. माझं नाव सांग.” मी तेव्हा त्यांच्याकडे ज्युनियर होतेच, नाव सांगायची गरज नव्हती. पण आईने आपलं नाव पणाला लावलं होतं.

एक गोष्ट नोंदवायलाच हवी. ठाण्यात गेनलावर कुणी हात उगारला नाही. हवालदाराने त्याला चहा दिला. पण टेबलावर दंडुका होता आणि आम्ही पोचलो तेव्हा गेनलाची पॅन्ट ओली झालेली होती. आमा पदर पुढे धरून त्याच्यासमोर उभी राहिली. हो, पदर, ती हिवाळ्यातही आपल्या तिबेटी झग्यावरून जाड शाल पदरासारखी घ्यायची. नानांनी तिकडे पाहिलं नसल्यासारखं केलं आणि डी. के. बसू निकालाची प्रत मागितली. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबत अकरा सूचना दिल्या होत्या, त्यांतली एक कोठडीतल्या माणसाच्या वैद्यकीय तपासणीची. त्या सूचना खऱ्या तर आपल्याच पोलिसांच्या मारापासून वाचवण्यासाठी. नानांनी त्या उलट्या बाजूने वापरल्या: तपासणी होऊ द्या, म्हणजे परमुलखात झालेला मार कागदावर येईल.

आता ज्या कामातून मी पुढची सगळी वर्षं भाकरी खाल्ली, ते काम मी शिकले तो आठवडा.

बाहेर सगळे एकच सल्ला देत होते. गुन्हा कबूल करून टाका, साहेब दंड करतील, कोठडीतले दिवस शिक्षेत धरतील, संध्याकाळी घरी. कोर्टाच्या आवारात हा सल्ला फुकट मिळतो आणि दहातल्या नऊ प्रकरणांत तो बरोबरही असतो. नाना ठाम नाही म्हणाले. कबुली म्हणजे दोष सिद्ध. दोष सिद्ध झालेल्या परदेशी माणसाला देश सोडायचा हुकूम काढायला सरकारला एक सही पुरते. हान्स म्युलर खटल्यात 1955 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे, की परदेशी माणसाला हाकलण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे. “दंड पाचशे रुपये,” नाना मला म्हणाले, “आणि पावतीमागे लासाचं तिकीट.”

मग धरायचं काय? घटनेचं एकविसावं कलम. ते नागरिकापुरतं नाही, प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. 9 जानेवारी 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलमधल्या चकमांच्या बाबतीत तेच सांगितलं होतं: माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जीविताचं रक्षण हे राज्याचं कर्तव्य. आणि ऑक्टोबर 1997 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर सही केली होती. 1984 च्या त्या कराराचं तिसरं कलम म्हणतं, की जिथे छळ होण्याची सबळ भीती आहे अशा देशात कुणालाही परत धाडायचं नाही. चोर असो, दरोडेखोर असो, कागद असो नसो. नुसती सही म्हणजे बंधन नव्हे, संसदेने कायदा करायला आणि सरकारने करार पक्का करायला हवा होता. नाना आशेवर होते. “वर्ष-दोन वर्षांत करतील,” म्हणाले.

त्याआधी गेनलाचं निवेदन हवं. तो तिबेटीत सांगायचा, आमा ते साकोलीकडच्या मराठीत सांगायची, मी हिंदीत लिहायची, नानांचे कारकून मुन्शीजी टाइप करायचे. लासामध्ये मार्च 1988 मध्ये मोन्लमच्या प्रार्थनोत्सवात भिक्षूंची निदर्शनं झाली, त्यांत तो धरला गेला. पुढचं सगळं इथे लिहीत नाही. ते त्याचं आहे. एवढंच सांगते, की हात पाठीमागे बांधून त्याच दोरीने छताच्या हुकाला टांगत. नानांनी विचारलं, किती वेळा? गेनला बराच वेळ गप्प. मग आमा म्हणाली, “तो म्हणते, मोजलं नाही. मोजलं नाही असंच लिव्हा.”

मुन्शीजींना हे पटेना. कोर्टाला आकडा लागतो, असं त्यांचं चाळीस वर्षांचं मत. त्यांनी टाइप करताना ‘अनेकानेक बार’ आणि ‘अमानवीय’, ‘पाशविक’ असे शब्द आपल्या पदरचे घातले. नानांनी लाल पेनने सगळी विशेषणं खोडली. उरलं ते दोन पानं, नऊ परिच्छेद.

सातवा परिच्छेद गेनलाने स्वतः मागून घातला. आमचं सगळं विचारून झालं होतं. त्याने आमाची बाही ओढली. रात्रपाळीचा एक शिपाई होता, चिनी, तरुण, नाव माहीत नाही. तो पाळीवर असला की बादली पालथी करून गेनलाच्या पायाखाली सरकवायचा. उजव्या पायाखाली, कारण बादली एकच. अंगाचा भार त्या बाजूने हलका व्हायचा. उजवा हात शाबूत राहिला तो त्यामुळे. पाळी संपायच्या आत तो बादली काढून घ्यायचा. “त्याचं देणं हाय म्हणते,” आमा म्हणाली, “कागदावर लिव्हून ठेवा म्हणते.”

मुन्शीजी कपाळाला हात लावून म्हणाले, “वकील साहब, ये तो सामनेवाले के काम आएगा.” त्यांचं खरं होतं. तुरुंगातच दयाळू माणसं होती, असं अर्जदारच सांगतो आहे. मीही तेच म्हणाले. नानांनी उत्तर दिलं नाही. रात्रभर ते पान त्यांच्या टेबलावर राहिलं. सकाळी त्यावर त्यांची बारीक बरोबरची खूण होती.

नेपियर टाउनमधल्या एका अस्थितज्ज्ञांनी तपासलं. मराठीच, नानांचे ब्रिजचे भिडू. त्यांनी गेनलाला भिंतीसमोर उभं केलं आणि दोन्ही तळवे टेकून भिंत ढकलायला लावली. उजव्या बाजूला काही झालं नाही. डाव्या बाजूचं खांद्याचं पातं पाठीतून उघड्या दाराच्या फळीसारखं बाहेर आलं. त्या पात्याला बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या स्नायूचा मज्जातंतू ताणून निकामी झाला की असं होतं, आणि मागे बांधलेल्या हातांनी टांगल्यावर तो ताणला जातो. पण डॉक्टर सरळ ‘छळामुळे’ असं लिहून द्यायला तयार होईनात. त्यांनी काय दिसलं ते एका परिच्छेदात लिहिलं, रोग्याने काय सांगितलं ते दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात: जे दिसलं ते जे सांगितलं त्याच्याशी जुळतं, दुसरी कारणं असू शकतात पण या रोग्याच्या इतिहासात ती आढळत नाहीत. मला ते मिळमिळीत वाटलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्तंबूल प्रोटोकॉल संयुक्त राष्ट्रांकडे सादर झाला. छळाच्या खुणा डॉक्टरांनी कशा तपासायच्या, कशा नोंदवायच्या याची आंतरराष्ट्रीय पुस्तिका. पुढे ती माझ्या हाती आली तेव्हा त्यात जुळणीच्या पायऱ्या दिलेल्या होत्या: जुळत नाही, जुळतं, चांगलंच जुळतं, नमुनेदार, निर्विवाद. निरीक्षण वेगळं, कथन वेगळं, मत वेगळं. ब्रिज खेळणाऱ्या त्या डॉक्टरांनी ते आपल्या अकलेने लिहिलेलं होतं.

जामिनाच्या दिवशी सरकारी वकिलांनी सातवा परिच्छेद मोठ्याने वाचला. मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं. आरोपीच्याच तोंडचं, म्हणाले, की कोठडीत त्याला सहानुभूतीने वागवलं जात होतं. न्यायाधीशांनी ते पान मागवून घेतलं, सावकाश वाचलं आणि थेट गेनलाला विचारलं, “दूसरी पाली में बाल्टी रहती थी?” आमाने सांगितलं. गेनलाने मान हलवली. नाही.

जामीन झाला, पण स्थानिक जामीनदार हवा, मालमत्तेसह. आमचं घर भाड्याचं. कॅन्टोन्मेंटमध्ये बंगलेवाले पुष्कळ, पण जमिनी लष्कराच्या, कागद गुंतागुंतीचे. मध्य प्रदेशात अशा वेळी शेतकऱ्याची ऋणपुस्तिका चालते: जमीन कुणाची, किती, तिच्यावर कर्ज किती, याचं छोटं पुस्तक. कोर्ट त्यावर जामिनाची नोंद करून शिक्का मारतं. सदरच्या मुख्य रस्त्यावर एका सेठजींचं कपड्यांचं दुकान होतं आणि पाटणकडे शेती. दर हिवाळ्यात आमाच्या दोऱ्यांवरून त्यांची कुरकुर असायची, की हे लोक भाडं भरत नाहीत, टॅक्स भरत नाहीत, आमचा लोकरीचा धंदा बसवतात. त्यांनी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे अर्जही केला होता. तेच सेठजी दुपारी खिशातून ती पुस्तिका काढत कोर्टात आले. आईने सांगितलं होतं की नानांनी, मला आजवर कळलेलं नाही. “धंदे की बात अलग है,” एवढंच म्हणाले, आणि शिक्का नीट बसला की नाही ते चष्मा वर करून पाहिलं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, म्हणजे खरं वकिली होतं. नोंदणी महाराष्ट्रात, खटला मध्य प्रदेशात. मध्येच 1 मे 1999 ला भंडारा जिल्हा फुटून गोंदिया झाला आणि नॉर्ग्येलिंगचा पत्ताच बदलला. त्याच सुमारास ‘क्रिमिनल लॉ जर्नल’चा अंक आला. गुजरात उच्च न्यायालयाने 1998 मध्ये भुजला अडकवून ठेवलेल्या दोन इराकी तरुणांबाबत म्हटलं होतं, की जिवाचा धोका असलेल्या ठिकाणी परत न पाठवण्याचं तत्त्व एकविसाव्या कलमातच अंतर्भूत आहे. नानांनी तो अंक छातीशी धरून चेंबरमधून घरात नेला, मागच्या खोलीत काकूंना दाखवायला. काकूंना त्यातलं काय कळणार होतं! पण त्या म्हणाल्या, बरं झालं हो. त्या निकालाच्या आधारावर नवा अर्ज गेला. 2000 मध्ये गेनलाला आरसी मिळाली आणि सरकारने खटला मागे घेतला. कुठल्याही निकालसंग्रहात या प्रकरणाचा उल्लेख नाही.

मी नंतर दिल्लीला गेले. विकासपुरीच्या गल्ल्यांत राहणारे ब्रह्मदेशातले चिन, अफगाण, सोमाली. त्यांची निवेदनं लिहायची, निर्वासित उच्चायुक्तांच्या कचेरीपुढे, कधी कोर्टापुढे. गेनलाची ‘मोजलं नाही’ ही ओळ किती मोलाची होती ते तिथे कळलं. छळ सोसलेल्या माणसाला तारखा विचारतात, क्रम विचारतात, सहा महिन्यांनी पुन्हा विचारतात, आणि फरक पडला की खोटारडा ठरवतात. जिनिव्हातल्या छळविरोधी समितीने 1996 मध्येच, झाईरच्या किसोकी नावाच्या बाईंना स्वीडनने परत पाठवू नये असं सांगताना म्हटलं होतं, की छळ सोसलेल्याकडून पूर्ण अचूकतेची अपेक्षा क्वचितच धरता येते. मी तो दाखला असंख्य अर्जांत जोडला आहे. पण त्याहून उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे एक प्रश्न. सगळं विचारून झाल्यावर मी विचारते, तिथे तुमच्याशी कुणी बरं वागलं होतं का? तासभर दगडासारखी बसलेली माणसं या प्रश्नावर बोलू लागतात. कुणी पहारेकरी, कुणी कैदी, एकदा एक मांजर. आणि त्या माणसापर्यंत पोचायच्या वाटेत बाकीचं सगळं आपोआप सांगून जातात: कोठडी कुठे होती, उजेड कुठून यायचा, कुणाच्या पाळीत काय व्हायचं. मला हा प्रश्न कुठल्या पुस्तिकेने शिकवला नाही.

नानांचं ‘वर्ष-दोन वर्षांत’ अजून उजाडायचं आहे. छळप्रतिबंधक विधेयक मे 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडलं. विधी आयोगाने 2017 च्या 273 व्या अहवालात मसुदा तयार करून दिला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कायदा करा असा हुकूम आम्ही संसदेला देऊ शकत नाही. याची किंमत आपणच मोजतो, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. पुरुलियात 1995 मध्ये विमानातून शस्त्रं टाकणाऱ्या किम डेव्हीला डेन्मार्कच्या न्यायालयांनी 2011 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये भारताच्या हवाली केलं नाही, कारण काय, तर इथे छळ होण्याची भीती. संरक्षण सौद्यांतला मध्यस्थ संजय भंडारी याच्या बाबतीत लंडनच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये तिहारचं नाव घेऊन तेच म्हटलं. ज्या तत्त्वाने गेनला वाचला त्याच तत्त्वाने हे वाचतात. मला त्याचं दुःख नाही. तत्त्व माणूस पाहून बदलू लागलं तर ते गेनलाच्याही कामाचं उरणार नाही. राग येतो तो आपल्या कपाटात पडून असलेल्या मसुद्याचा.

आणि इथली कोर्टंही एका सुरात बोलत नाहीत. 8 एप्रिल 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांची परतपाठवणी थांबवायला नकार दिला, रीतसर प्रक्रिया पाळा एवढंच बजावलं. 3 मे रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारहून आलेल्या सात जणांना दिल्लीपर्यंत सुरक्षित जाऊ दिलं, एकविसाव्या कलमाचाच आधार घेऊन. एका महिन्याच्या आत दोन तारखा. नाना असते तर त्या शेजारी शेजारी ठेवून गप्प बसले असते. आता 1 सप्टेंबर 2025 पासून 1946 चा कायदाही गेला, नवा आला. त्याखालच्या सवलतीच्या आदेशात ठरावीक तारखेआधी आलेल्या, नोंदणी असलेल्या तिबेट्यांना मोकळीक आहे. निर्वासित कोण, हे मात्र नव्या कायद्यातही नाही.

गेनला नॉर्ग्येलिंगलाच वारला. नाना त्याच्या आधी. छोटी लाइन 2015 मध्ये बंद झाली. आता मोठ्या गाड्या धावतात. आमाची नात नागपूरला नर्सिंग शिकली आणि आईला दिवाळीत न चुकता फोन करते.

गेल्या वर्षी सेठजींचा मुलगा माझ्याकडे आला. पाटणची शेती विकायची आहे, गिऱ्हाईक पक्कं आहे, पण ऋणपुस्तिकेवर जामिनाची नोंद तशीच आहे. खटला मागे घेतला तेव्हा ती रद्द करून घ्यायची असते, आणि सेठजींनी ती कधी करून घेतलीच नाही. मुलाने विचारलं, “ये किसकी ज़मानत थी, दीदी? पिताजी ने कभी बताया नहीं.” मी सांगितलं. त्याला तिबेटी बाजार आठवत होता, गेनला नाही. अभिलेखागारात चौकशी केली तर एवढी जुनी नस्ती नष्ट केलेली. म्हणजे खटला संपला याचा कोर्टाकडे पुरावा नाही. असलाच तर नानांच्या बस्त्यात. काकूंनी माळ्यावरून तो काढून दिला. खटला मागे घेतल्याच्या हुकमाची प्रमाणित प्रत त्यात निघाली, डॉक्टरांचा दाखला निघाला, मुन्शीजींनी टाइप केलेली दोन पानंही निघाली. अर्जाला मी फक्त हुकमाची प्रत जोडली, बाकीचं जोडायची गरज नव्हती. सेठजींच्या मुलाने फी विचारली. मी स्टॅम्पचे तेवढे पैसे घेतले. पुढच्या महिन्यात तारीख आहे.